चुंबकसूची आणि तिची जागा

टॅन्जंट गॅल्व्हॅनोमीटर हें यंत्र शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून पुष्कळांनीं पाहिलें असेल. तांब्याच्या तारेचें उभें कडें आणि त्याच्या मध्यभागीं एका टोंकावर फिरणारी लहानशी चुंबकसूची, एवढाच त्याचा संसार. तारेंतून विद्युत्प्रवाह सुरू झाला कीं सूची वळते. किती अंश वळली, यावरून प्रवाह काढावयाचा. परंतु प्रवाह तिला बाजूस वळवूं पाहतो, तेव्हां पृथ्वीचें चुंबकत्व तिला उत्तरेकडे धरून ठेवतें. दिसणारा कोन हा या दोघांच्या ओढाताणीचा हिशेब होय.

आणि पृथ्वीची ओढ सर्वत्र सारखी नाहीं. अलिबागेस तिचा आडवा अंश सुमारें ०.३८ गौस आहे, लंडनजवळ जवळजवळ निम्मा. म्हणून जो प्रवाह आपल्याकडे सूचीस ४५ अंश वळवील, तोच त्याच कड्यांतून लंडनास तिला ६३ अंशांपर्यंत नेईल. विलायती पुस्तकांतला आंकडा जसाच्या तसा उचलणाऱ्या येथील विद्यार्थ्याचें उत्तर निम्मेंच यावयाचें, आणि दोष मात्र बिचाऱ्या यंत्रावर!

अकोल्यास आणखी एक भानगड आहे. वऱ्हाडचा काळा पाषाण हा थिजलेला लाव्हारस. त्यांत चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. अशा दगडाच्या ओट्यावर किंवा लोखंडी तुळईजवळ सूची ठेवली तर ओढ बदलते. तेव्हां लाकडी मेज घ्यावें, आणि पृथ्वीची ओढ त्याच मेजावर, त्याच जागीं मोजून घ्यावी.

जागेचें हें महत्त्व मुंबईच्या कुलाबा वेधशाळेस फार महागांत पटलें. तेथें १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद चालूं होती. शहरांत विजेची ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां रुळांतून जमिनींत झिरपणारा प्रवाह नाजूक सूचींना हलवील हें उघड झालें. वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत अलिबागेस, पोरबंदरच्या अचुंबकीय दगडाची, नवी वेधशाळा १९०४ सालीं उभी राहिली. नुसतें स्थलांतर करून भागण्यासारखें नव्हतें. जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळला नसता, तर साठांहून अधिक वर्षांची मेहनत तुटक पडली असती. म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले गेले. १९०७ च्या मे महिन्यांत ट्राम धांवूं लागली. ती १९६४ सालीं बंद झाली. अलिबागच्या नोंदी अद्याप चालूं आहेत.