पाचोळ्याचा हिशेब
(नाशिक जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पाऊस उघडल्यावर आम्ही पेठ तालुक्यातली एक देवराई पाहून आलो. कापूस-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात जंगल कशाला, असं कुणी विचारील. विचारावंच.

शेंदूर फासलेला वाघदेवाचा दगड, त्यावर कोरलेले चंद्र-सूर्य, भोवती सादडा, जांभूळ, उंबर, मोह. भर दुपारी आत गारवा. मालेगाव-नांदगावकडची बोलकी मंडळी बरोबर होती, तीही आत शिरताच गप्प झाली. इथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा गावाचा नियम.

आम्ही शेतकी शिकलेली माणसं, देवाला हात जोडून झाल्यावर माती उकरली. वर वीतभर पाचोळा, खाली अर्धवट कुजलेला थर, त्याखाली भुसभुशीत काळी माती. मुठीत दाबली तर ओल लागत होती. शेजारच्या उघड्या माळावर मात्र कुदळ खणखणत होती. पाऊस दोन्हीकडे एकच पडलेला. पण एकीकडे थेंब पाचोळ्यावर फुटतो आणि सावकाश मुरतो, दुसरीकडे तो माती घेऊन ओढ्याला जातो.

कोकणात श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचं गाव आहे. १९७० च्या दशकात तिथल्या देवराईवर तोडीची पाळी आली, तेव्हा गावकऱ्यांनी ती वाचवण्यासाठी धडपड केली. देवाचा कोप होईल म्हणून नव्हे फक्त. गावाच्या पाण्याचा ओढा त्या राईतून निघत होता. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक तेव्हा राज्यातल्या देवराया पाहत हिंडत होते, त्यांनीही बाजू घेतली आणि राई वाचली.

जपानात शिंतो देवळांभोवती अशीच राई राखतात. टोकियोतलं मेइजी देऊळ १९२० सालचं. त्याभोवतीचं जंगल माणसांनी लावलेलं, देशभरातून लोकांनी दिलेल्या सुमारे एक लाख झाडांचं. तिथे वाटेवरचा पाचोळा रोज झाडतात आणि पुन्हा झाडांखालीच नेऊन टाकतात. जाळत नाहीत.

आणि आपण? मार्चमध्ये संध्याकाळी रस्त्याने जा, बांधाबांधावर पऱ्हाट्या पेटलेल्या दिसतात. देवराईचा नियम शेताला जसाच्या तसा लागत नाही, हे आम्हाला कळतं. कडबा बैलाला लागतो, पऱ्हाटी चुलीला लागते. पऱ्हाटी शेतात उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला घर मिळतं, तेव्हा उभी ठेवूच नका. चुलीपुरती काढून उरलेली बारीक करा, शेणकाला शिंपडून खड्ड्यात कुजवा. मजुरी लागते, खरं आहे. दोन-तीन घरांनी मिळून केलं तर झेपते.

दुसरं, आपल्या प्रत्येक गावाला म्हसोबा आहे, मरीआई आहे. बहुतेक ठिकाणी एक निंब उरलाय, त्याखाली सिमेंटचा ओटा झालाय. त्याभोवतीचे दोन-चार गुंठे चराई आणि तोड बंद करून राखता येतील का? हे ठरवताना बैठकीला बायांना बोलवा. सरपणाची मोळी त्यांच्या डोक्यावर असते. काटकी उचलायची नाही म्हटलं की लांबची चाल त्यांनाच पडते. त्या सरपणाची दुसरी सोय काय, हे आधी ठरवा, नियम नंतर करा. पुढच्या मेळाव्याला येताना कोणत्या गावाने काय ठरवलं, ते लिहून आणा.