वाफशाचें गणित

अहिल्यानगर जिल्ह्यांतील राहुरीच्या काळ्या रानांत उसाला पाणी कधीं द्यावें, हें मुरलेल्या शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. ढेंकूळ मुठींत दाबून पाहिलें, पानांची गुंडाळी पाहिली, कीं त्याचा निर्णय होतो. हें शहाणपण यंत्रास कसें द्यावयाचें?

पहिला मार्ग सरळ दिसतो. ‘असें झालें तर तसें करावें’ अशी तज्ज्ञाच्या नियमांची जंत्री करून ती संगणकास द्यावी. १९७० च्या दशकांत अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत रक्तांतील जंतुसंसर्गावर औषध सुचविणारी ‘मायसिन’ ही आज्ञावली याच रीतीनें सिद्ध झाली. तिचा सल्ला नामांकित वैद्यांच्या तोडीचा ठरला. परंतु विल्यम क्लॅन्सी यांनीं तिच्याच आधारें विद्यार्थ्यांस शिकवूं पाहिलें, तेव्हां वैगुण्य उघड झालें. नियम होते, त्यांमागील कारणें तज्ज्ञांच्या डोक्यांतच राहून गेलीं होतीं.

म्हणून दुसरा मार्ग : उत्तर शोधण्यापूर्वीं प्रश्नाचेंच प्रतिरूप रचावें. राहुरी येथें १९६८ सालीं स्थापन झालेल्या, आजच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ ही मोबाइलवरील आज्ञावली शेतकऱ्यांसाठीं तयार केली आहे. अशा आज्ञावलीच्या मुळाशीं पाण्याचा ताळेबंद असतो. जमीन म्हणजे एक रांजण. वाफसा हा त्याचा कांठ. मुळांना पाणी ओढतां येईनासें होतें, तो तळ. ऊन, वारा, हवेंतील दमटपणा यांवरून रोजचें बाष्पोत्सर्जन काढावयाचें आणि त्यास पिकाच्या वयाप्रमाणें गुणांक लावावयाचा. मूळ मान ६ मिलिमीटर व भरांत आलेल्या उसाचा गुणांक १.२५ धरला, तर दिवसाचा खर्च ७.५ मिलिमीटर, म्हणजे हेक्टरीं ७५,००० लिटर! आंकडा ऐकून दारें धरणारा गडीही क्षणभर थबकेल. रांजण तळास जाण्याआधीं पाणी द्यावें, पण कांठापलीकडे ओतूं नये. अधिक पाणी मुळांखालीं जाऊन साचतें आणि काळें रान हळूहळू चोपण होतें.

मात्र प्रतिरूपांत जें घातलें नाहीं, तें यंत्रास ठाऊक होत नाहीं. मुळा धरणाचा पाट आवर्तनानें वाहतो. गणित मंगळवारीं पाणी मागेल आणि पाळी पंधरवड्यानें येईल. मग शेतकरी मिळेल तेव्हां रांजण ओसंडेपर्यंत भरून घेतो. त्यास अडाणी म्हणणें अन्यायाचें आहे. पुढच्या पाळीची अनिश्चितता हाही त्याच्या प्रश्नाचाच भाग. विहीर व ठिबक असलेल्याचें काम रोजच्या ताळेबंदावर भागेल. पाटावरच्या शेतकऱ्यासाठीं पाळीपत्रकही त्याच हिशेबांत उतरवावें लागेल.