संक्रांतीचं वाण आणि शेजारणीचा व्यवसाय

मकरसंक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवांचा काळ. या दिवसांत सोसायट्यांतून, चाळींतून, गावच्या आळ्यांतून संध्याकाळी बायकांची ये-जा सुरू होते, तिळगूळ दिला जातो, वाण लुटलं जातं. त्याच इमारतीत कुणी घरी गोडा मसाला करून विकत असते, कुणी चकलीची भाजणी, कुणी कापडी पिशव्या शिवत असते. यंदा वाण म्हणून आपलाच माल द्यावा का, पुडीवर आपलं नाव आणि फोन नंबर छापावा का, हा विचार तिच्या मनात येतो आणि बहुतेक वेळा मनातच राहतो. ‘सणावारीसुद्धा हिला धंदा सुचतो’ हे बोलणं तिला आधीच ऐकू येत असतं. माझं म्हणणं असं आहे की तिने हा विचार सोडू नये. आपल्या हातचा माल वाणात देणं सणाच्या रीतीला धरूनच आहे. फक्त एक पथ्य तिने कटाक्षाने पाळावं: त्या संध्याकाळी द्यावं, विकू नये.

रीतीला धरून कसं, ते आधी पाहू. संक्रांतीच्या सुगडात काय असतं? बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, उसाचे करवे, गव्हाच्या ओंब्या, तीळ. पौषात शेतात जे पिकतं ते. जिच्या घरी जे आलं त्यातला वाटा तिने दुसरीच्या ओटीत घालायचा, असं या सणाचं मूळचं रूप आहे. आज शहरात सुगडातला ऊससुद्धा बाजारातून येतो आणि वाण तर पूर्णपणे घाऊक बाजाराच्या हाती गेलं आहे. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, छोट्या वाट्या, चेनच्या पाकिटांचे गठ्ठे आणले जातात आणि फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक घराच्या माळ्यावर त्यांचा ढीग होतो. निवडणुका जवळ आल्या की पक्षांचे आणि उमेदवारांचे भव्य हळदीकुंकू समारंभ होतात, तिथलं वाण तर उघड प्रचारासाठीच असतं. त्याही आधी, स्वदेशीच्या चळवळीत, बायकांच्या हळदीकुंकवांतून देशी वस्तू वापरण्याचा प्रचार झाला होता. म्हणजे एखादी गोष्ट चार घरांपर्यंत पोहोचवण्यासाठी हळदीकुंकवाचा उपयोग करणं आपल्याला नवीन नाही. परक्या कारखान्याची वाटी आपण बिनतक्रार घेतो. शेजारणीने रात्री जागून केलेल्या मेतकुटाची पुडी मात्र सणाचं पावित्र्य घालवते, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मेतकुटाचंच उदाहरण घेऊ. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, थोडे तांदूळ, थोडे गहू वेगवेगळे मंद आचेवर भाजायचे. डाळ जरा जास्त भाजली गेली तर पीठ कडवट होतं, कमी राहिली तर कच्चट वास येतो. त्यात जिरं, धणे, मेथी, सुंठ, हळद, हिंग घालून बारीक दळायचं. याची पन्नास ग्रॅमची पुडी एका घराच्या दोन वेळच्या मऊ भाताला पुरते, आणि भातावर तूप-मेतकूट कालवलं की घरातल्या आजोबांपासून नातीपर्यंत सगळ्यांची पसंती-नापसंती लगेच कळते. समजा चाळीस जणी येणार आहेत आणि तीस रुपयांची वाटी द्यायची आहे, तर बाराशे रुपये जातातच. तेवढ्या पैशांत मेतकूट, पिशवी आणि छापील चिठ्ठी सहज बसते. शिवाय दिवसही सोयीचे आहेत. नवीन बाईने दिवाळीत आपली ओळख करून द्यायला निघावं, तर तेव्हा लोकांच्या फराळाच्या ऑर्डरी आधीच ठरलेल्या असतात आणि घरोघरचे डबे भरलेले असतात. संक्रांतीनंतर मात्र दीड-दोन महिन्यांत वाळवणाचा मोसम येतो. वर्षाचं तिखट, हळद, मसाले, पापड, कुरडया, सांडगे हे सगळं मार्च ते मे या काळात भरलं जातं. जानेवारीत चव जिभेवर राहिली तर मार्चमध्ये मागणी येते. पुढे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहेच. तिथे आंब्याची डाळ आणि पन्हं असतं, त्यामुळे पन्ह्याचा गर किंवा लोणची करणाऱ्या बाईला तो दिवस जास्त जवळचा.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप भिडेचा आहे. शेजार हा रोजचा असतो. लिफ्टमध्ये, नळावर, शाळेच्या बसपाशी तीच माणसं भेटतात. एकीने पुडी दिली की दुसरीला वाटतं, आता काहीतरी घ्यायलाच हवं, आणि मनाविरुद्ध केलेली खरेदी नात्यात सल ठेवते. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच सुरुवातीला सांगितलेलं पथ्य महत्त्वाचं. हळदीकुंकवाच्या पाटाशेजारी मालाचं टेबल मांडू नये, वही-पेन घेऊन ऑर्डरी लिहू नयेत, ‘मग किती देऊ?’ असं विचारू नये. चिठ्ठीवर नाव, नंबर आणि भाव असला की पुरे. ज्या घरात चव आवडेल तिथून फोन येईल, जिथून येणार नाही तिथे वाण हे वाणच राहील. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिळगुळाच्या शुभेच्छांखाली रोज दरपत्रक टाकणं हेही त्याच भिडेचं दुसरं रूप आहे, ते टाळावं. धंदा उपकारावर उभा राहत नाही, याचा मोठा दाखला आपल्या मुंबईतच आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशीची चार पाकिटं त्यांनी भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली आणि देणगी मागायची नाही हा नियम सुरुवातीपासून पाळला. तीच आजची लिज्जत. शेजारणी तिथे एकमेकींच्या आधाराने कामाला लागल्या, पण पापड खपला तो चवीवर.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो गिऱ्हाईक घेत नाही, घरचीच माणसं घेतात: ओळखीच्या लोकांत धंदा केला की भाव पडतो आणि उधारी वाढते. हेही नाकारता येत नाही. घरी माल करणारी बाई डाळींचा खर्च धरते, दळण आणि गॅस कधी धरते, कधी विसरते, आणि स्वतःच्या वेळेचे पैसे बहुधा धरतच नाही. मग शेजारीण म्हणून त्यावर आणखी दहा रुपये सोडते. वर्षअखेरीस हिशेब केला तर हाती काही राहिलेलं नसतं आणि घरचे म्हणतात, छंद म्हणून ठीक आहे. उधारीने काय होतं ते गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनी भोगलं आहे. गिरणी कामगार पगार झाला की पैसे देत, किराणा मात्र महिनाभर उधारीवर आणि सावकारी व्याजावर आणावा लागे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांची त्या चक्रातून सुटका होऊ लागली. म्हणून भाव छापलेला असावा. छापलेल्या भावात भीड राहत नाही, तो सगळ्यांना एकच असतो. सवलत द्यायचीच असेल तर ती वाणाच्या पुडीतच दिली गेली आहे.

स्वच्छतेचा आणि कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगते. खाण्याची वस्तू घरी करून विकायची तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, ती घरगुती उत्पादकालाही सुटलेली नाही. 2011 च्या नियमांत छोट्या उत्पादकासाठी या नोंदणीची फी वर्षाला 100 रुपये ठेवली होती. नोंदणीचा 14 अंकी नंबर, घटक, वजन, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरावं ही माहिती पुडीवर असली की अनोळखी माणसाच्या मनातली निम्मी शंका जाते. शेंगदाणे किंवा तीळ असतील तर ते ठळक लिहावं, कारण काहींना त्यांची ॲलर्जी असते.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला उत्तर देण्याऐवजी त्याप्रमाणे वागायला हवं. हळदीकुंकू हा सवाष्णींचा समारंभ राहिला आहे. नवरा गेलेल्या बाईला त्यात बोलावलं जात नाही, आणि घरगुती व्यवसाय करणाऱ्यांत अशा बायका कितीतरी आहेत, कारण अनेकींनी पोळपाट-लाटणं हाती घेतलं ते घरातला कमावता माणूस गेल्यानंतरच. ज्या समारंभातून शेजारणीच्या व्यवसायाला हात द्यायचा, तिथून तिलाच बाहेर ठेवायचं, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. पुष्कळ ठिकाणी आता सगळ्या बायकांना बोलावून तिळगूळ समारंभ होतात. ज्यांच्या सोसायटीत अजून तसं होत नाही, त्यांनी यंदा करावं. विधवा, परित्यक्ता, अविवाहित, दुसऱ्या धर्माच्या, सगळ्या शेजारणींना बोलवावं, आणि व्यवसाय करणारी यजमान असेल तर तिने हे पहिल्यांदा करावं. तिच्या मसाल्याला सगळीच घरं सारखी आहेत.

आता शेवटी, वाण घेऊन घरी परतणाऱ्या मैत्रिणींना एक विनंती. यंदा तुमच्या हातात अशी एखादी पुडी आली तर ती माळ्यावर टाकू नका. दोन दिवसांत फोडा, चव बघा आणि तिला फोन करून खरं ते सांगा. मीठ जास्त झालं असेल तर जास्त झालं म्हणा, कारण तिच्या घरातलं कुणी तिला हे सांगत नाही. आवडलं नसेल तर मुळीच मागवू नका. आवडलं तर छापलेल्या भावाने मागवा, घासाघीस करू नका, आणि पैसे त्याच दिवशी द्या.