वही पक्की, पण नोंद कोणाची?

(पातूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पातूरसारख्या तालुक्याच्या गावी ‘ब्लॉकचेन आणि निवडणुका’ हा विषय ठेवल्याचे काहींना नवल वाटले असेल. मला वाटले नाही. मताची पेटी जिथे ठेवली जाते तिथेच तिच्याविषयीचा विचार झाला पाहिजे. तो केवळ दिल्लीच्या तज्ज्ञांवर सोपविण्याचा विषय नव्हे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, यंत्रशास्त्राचा नाही. तेव्हा या तंत्राकडे मी हिशेबाच्या वहीकडे पाहावे तसे पाहणार आहे. आणि वस्तुतः ते तंत्र म्हणजे एक वहीच आहे.

अशी कल्पना करा की गावात एक हिशेबाची वही आहे, पण ती एकाच माणसाच्या पेटीत नाही. तिच्या शंभर प्रती शंभर घरी आहेत. नवे पान लिहिले की ते सर्व प्रतींत एकदमच लिहिले जाते. शिवाय प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा एक गणिती ठसा उमटलेला असतो. मागच्या पानावरचा एक आकडा जरी कोणी खोडला तरी तो ठसा जुळत नाही, आणि पुढची सारी पाने खोटी पडतात. पानांची ही साखळी म्हणजे ब्लॉकचेन. २००९ साली बिटकॉइन नावाच्या आभासी चलनाच्या व्यवहारासाठी ती प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरात आली.

सावकाराच्या वहीने पिढ्यान्‌पिढ्या नाडल्या गेलेल्या समाजाला, एकट्या मालकाला खाडाखोड करता येणार नाही अशी वही मोहात पाडणारच. या मोहाला मी हसत नाही. आपल्या राज्यात या तंत्राचा एक चांगला उपयोग झालेलाही आहे. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली भागात सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रे अशा साखळीवर नोंदविण्याचे काम हाती घेण्यात आले. आदिवासी मुलाच्या प्रमाणपत्रावर कोणी शंका घेतली तर ते खरे की बनावट हे तत्काळ पडताळता यावे, हा त्यामागचा हेतू. तो स्वागतार्हच आहे.

मग हेच तंत्र मतदानाला का लावू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. तेलंगणात खम्मम येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये मोबाइलवरून मतदानाची चाचणी झाली, तिच्यात हे तंत्र होते. बिहारमध्ये जून २०२५ मध्ये काही नगरपालिकांच्या निवडणुकांत मोबाइलवरून प्रत्यक्ष मतदान घेण्यात आले, तेव्हाही याच तंत्राच्या सुरक्षिततेचा हवाला देण्यात आला. म्हणजे हा विषय आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

माझे उत्तर मी आरंभीच सांगून टाकतो. लिहिल्यानंतर नोंद बदलणार नाही एवढीच हमी ही वही देते. जे लिहिले गेले ते मतदाराच्या इच्छेप्रमाणे लिहिले गेले काय, ही हमी ती देत नाही. आणि निवडणुकीतला खरा धोका बहुतांशी लिहिण्यापूर्वीचाच असतो.

या संदर्भात आपल्याच इतिहासातले एक उदाहरण घेऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन खतपत्रे ताब्यात घेतली आणि जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्या शेतकऱ्याची तक्रार केवळ मागाहून झालेल्या खाडाखोडीची नव्हती. मूळ तक्रार अशी होती की, अंगठा उठविला तेव्हा कागदावर काय लिहिले होते हे त्याला वाचता येत नव्हते, आणि वाचता आले असते तरी नाही म्हणण्याची त्याची ऐपत नव्हती. असे खतपत्र न पुसणाऱ्या शाईने लिहिले असते, त्याच्या शंभर प्रती केल्या असत्या, तर काय झाले असते? अन्याय अधिक टिकाऊ झाला असता, एवढेच. १८७९ च्या कायद्याने खतपत्रे गावच्या निबंधकासमोर करण्याची तरतूद केली ती याच कारणाने. सुधारणा शाईत करून भागत नव्हते. अंगठा उठतो त्या क्षणी करावी लागली.

मतदानात तो क्षण म्हणजे पडद्याआडचा क्षण. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, मी नुकताच प्राध्यापक झालो होतो तेव्हा, निवडणुकीच्या कामावर या जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलो होतो. एक वृद्ध शेतमजूर बाई मतपत्रिका पेटीत टाकून परत फिरली, दारापर्यंत गेली आणि पुन्हा येऊन मला विचारू लागली, “साहेब, माही चिठ्ठी अंदर पडली ना जी?” मी पेटीकडे बोट दाखवून हो म्हटले. तिने स्वतः फटीतून वाकून पाहिले, तेव्हा तिचे समाधान झाले. तिचा मालक त्या वेळी बाहेर झाडाखाली बसलेला होता. आत तिने कोणत्या चिन्हावर शिक्का मारला हे त्याला कळण्याचा काहीही मार्ग नव्हता. पाच वर्षांतून एकदा, दोन मिनिटांपुरती, ती बाई त्याच्या बरोबरीची होत होती.

हाच मतदानाचा क्षण मोबाइलवर आणून पाहा. पडदा गेला. फोन घरात एकच असेल तर तो कोणाच्या हातात असतो हे मी सांगावयास नको. “माझ्यासमोर दाब” असे म्हणणारा मालक, मुकादम, नवरा किंवा पैसे वाटणारा कार्यकर्ता शेजारी बसला तर जगातली कोणतीही साखळी त्याला उठवू शकत नाही. उलट त्या बाईचे दडपणाखाली दिलेले मत ती साखळी अत्यंत प्रामाणिकपणे कायमचे जतन करील.

येथे प्रमाणपत्र आणि मत यांतला भेद लक्षात घ्यावा. प्रमाणपत्रावर नाव असावेच लागते. नावाविना ते निरर्थक आहे. मताचे उलट आहे. मत देणारा पात्र आहे हे नावानिशी तपासायचे, आणि पुढच्याच क्षणी ते नाव मतापासून असे तोडायचे की पुन्हा कोणालाही जोडता येऊ नये. कागदी मतपत्रिका पेटीत इतर शेकडो मतपत्रिकांत मिसळते आणि हे काम होऊन जाते. माग ठेवण्यासाठीच जन्मलेल्या साखळीकडून माग पुसून घ्यावयाचा तर अवघड गणिती कुलपे लावावी लागतात. २०१९ साली मॉस्को शहराच्या निवडणुकीपूर्वी तिथल्या ब्लॉकचेन मतदानाचे असे कुलूप पिएरिक गोद्री या फ्रेंच संशोधकाने साध्या संगणकावर सुमारे वीस मिनिटांत उघडून दाखविले. ते मागाहून दुरुस्त करण्यात आले. परंतु २०२१ च्या रशियन संसदेच्या निवडणुकीत मॉस्कोतल्या ऑनलाइन मतांचे निकाल उशिरा जाहीर झाले, आणि कागदी मतांत आघाडीवर असलेले अनेक विरोधी उमेदवार त्यामुळे पराभूत झाले. वही होती, साखळी होती. मात्र विश्वास नव्हता. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाने २०१८ मध्ये परदेशातील सैनिकांसाठी अशीच मोबाइल व्यवस्था वापरली. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी तिच्यातील उणिवा उघड केल्यावर ती पुढे वापरण्याचा विचार राज्याला सोडावा लागला. या उणिवा बव्हंशी साखळीत नव्हत्याच. मतदाराचा फोन आणि साखळी यांच्यामधल्या वाटेवर होत्या.

आपल्या मतदान यंत्रांच्या बचावात निवडणूक आयोग सातत्याने काय सांगत आला आहे? ही यंत्रे कोणत्याही जाळ्याला जोडलेली नाहीत, म्हणून ती सुरक्षित आहेत. या यंत्रांवर आपले आक्षेप असोत वा नसोत, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. मग प्रत्येक मत जाळ्यावरून पाठविणारी व्यवस्था त्याहून सुरक्षित कशी, याचे उत्तर तिच्या पुरस्कर्त्यांनी दिले पाहिजे.

‘विकेंद्रीकरण’ हा आपल्या चळवळीचा जुना शब्द या तंत्राच्या जाहिरातीत वारंवार येतो, म्हणून त्याविषयी सावध राहिले पाहिजे. बिटकॉइनची वही खुली आहे. ती कोणीही सांभाळू शकतो, आणि ती प्रामाणिकपणे सांभाळणाऱ्याला मोबदला मिळतो. त्यासाठी प्रचंड वीज खर्च होते. निवडणुकीसाठी जी वही सुचविली जाते ती अशी खुली नसते. तिच्या प्रती कोणाकडे राहाव्यात हे शासन किंवा आयोग ठरवितो, आणि यंत्रणा एखादी कंपनी चालविते. शंभरही प्रती एकाच मालकाच्या शंभर कपाटांत असतील तर ते विकेंद्रीकरण नव्हे.

आता प्रश्न विश्वासाचा. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी हे लहानसे गाव डिसेंबर २०२४ मध्ये देशभर गाजले. यंत्रातून निघालेले आपल्या गावचे आकडे ग्रामस्थांना पटले नाहीत. म्हणून ३ डिसेंबर रोजी स्वतःच कागदी मतपत्रिकांवर मतदान घेऊन पाहण्याचे त्यांनी ठरविले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, पोलीस आले, आणि ग्रामस्थांना तो प्रयोग सोडून द्यावा लागला. अशा मतदानाला कायद्याचा आधार नव्हता, आणि आधी दिलेले मत माणूस दुसऱ्यांदा तसेच देईल असेही नाही, हे मान्य. तथापि त्या ग्रामस्थांची मागणी मला लोकशाहीच्या गाभ्याची वाटते: आमच्या मताची मोजणी आम्हाला समजेल अशी करा. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी हेच तत्त्व मांडले. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे कोणत्याही विशेष तांत्रिक ज्ञानाविना नागरिकाला तपासता आले पाहिजेत, असे सांगून त्या न्यायालयाने तिथली मतदान यंत्रांची पद्धत घटनाबाह्य ठरविली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी वेगळा निर्णय दिला. कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. तो निर्णय बंधनकारक आहे. पण कायद्याने बंधनकारक असणे वेगळे आणि मनाला पटणे वेगळे. ज्या शंकेचे मूळ ‘आम्हाला कळत नाही’ हे आहे, तिच्यावर त्याहून न कळणारे यंत्र हा उपाय होऊ शकत नाही. आज शंका आली तर निदान एक चिठ्ठी तरी असते. साखळीवरच्या मतदानात मारकडवाडीकरांनी काय हातात घेऊन पाहिले असते?

तेव्हा हे तंत्र निवडणुकीतून सर्वस्वी हद्दपार करावे काय? मी तसे म्हणत नाही. जे गुप्त राहिले पाहिजे ते तिच्यावर नको. जे उघड झाले पाहिजे ते तिच्यावर अवश्य आणा. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानात सायंकाळी पाच वाजताचा तात्पुरता आकडा ५८.२२ टक्के होता, आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के झाला. आयोगाने खुलासा केला, तरी संशय राहिला. मतदान संपल्यावर प्रत्येक केंद्राध्यक्ष झालेल्या मतांचा हिशेब नमुना १७-सी मध्ये भरून प्रतिनिधींना देतोच. तोच हिशेब त्याच रात्री अशा खुल्या वहीवर चढवा, आणि वहीच्या प्रती सर्व पक्षांकडे, विद्यापीठांकडे, वृत्तपत्रांकडे ठेवा. मग उशिरा वाढलेल्या आकड्याचा वाद उद्भवणार नाही. मतदार यादीत कोणते नाव केव्हा आले, कोणाच्या आदेशाने गेले, याचाही असाच माग राहावा. २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदांचे मतदान झाले, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानुसार मोजणी २१ डिसेंबरला झाली. एकोणीस दिवस यंत्रे कुलपात होती. खोली कोणी, केव्हा, कोणासमक्ष उघडली याची न पुसणारी नोंद उमेदवाराच्या हाती असती, तर रात्रभर पहारा देणाऱ्या कार्यकर्त्याला थोडी झोप मिळाली असती. याच निवडणुकांत मतदान यंत्राला चिठ्ठी दाखविणारी जोडणीही नव्हती. ती द्यायची सोडून ब्लॉकचेनच्या गोष्टी करणे म्हणजे घराला दार नसताना तिजोरी विकत घेणे होय.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. कामासाठी पुण्या-सुरतेला गेलेल्या मजुराचे काय? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे तीस कोटी मतदारांनी मत दिले नव्हते, आणि त्यांत स्थलांतरित मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठीच आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात ७२ मतदारसंघ हाताळणारे दूरस्थ मतदान यंत्र पुढे आणले. विरोधी पक्षांच्या आक्षेपांमुळे ते अडले. या मजुराच्या मताची किंमत हिशेबाने मांडली तर ती एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी एवढी होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ख ने त्याला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी दिली आहे, रोजंदारीवरच्या कामगारालासुद्धा. ती प्रत्यक्षात मिळते काय? कायद्याने दिलेली एका दिवसाची मजुरी मालकाकडून वसूल करण्याची इच्छा ज्या शासनापाशी नाही, ते शासन त्याच्या हाती मोबाइल देऊन मोकळे होऊ पाहील. सुटी, मजुरी आणि गावी जाण्यास गाडी, ही मागणी आपण धरली पाहिजे. ती जुनी आहे. म्हणून ती चुकीची होत नाही.

मित्रहो, कागदाच्या पेट्यांचा काळ निर्दोष होता असे मी म्हणत नाही. केंद्रे बळकावली जात, पेट्या पळविल्या जात, हजारो मते बाद होत. पण पेटी पळविली तर ती पळविली हे साऱ्या गावाला दिसत असे. चोरी दिसली तर तिच्याशी लढता येते.

नवे तंत्र पुढे आले की मी त्या खेड्यातल्या बाईला समोर उभी करतो. आपली चिठ्ठी आत पडली की नाही हे तिला स्वतः वाकून पाहता येईल काय? आणि तिने काय लिहिले हे झाडाखाली बसलेल्या मालकाला कळणार नाही ना? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिला पटतील अशी मिळतील, तेव्हा त्या तंत्राचे स्वागत करणाऱ्यांत मी पहिला असेन. तोवर तिचे मत कागदावर असू द्या, आणि सत्ताधाऱ्यांचा हिशेब साखळीवर चढवा.