थट्टेचा कागद

शाळेतील एक जुना प्रसंग आपणांपैकी बहुतेकांना आठवेल. गुरुजी फळ्याकडे वळले, की वहीच्या कोपऱ्यावर त्यांच्या मिशांचे चित्र काढावयाचे, शेजारच्या मित्राकडे सरकवावयाचे, त्याने तोंडावर हात धरून हसावयाचे आणि तो कागद फाडून टाकावयाचा. त्या चित्रात निरोप असा काहीच नसे; असलाच तर ‘तू माझा आहेस’ एवढाच. मित्रांनी एकमेकांना गमतीची छायाचित्रे धाडावीत म्हणून आज जी ॲपे रचली जातात, त्यांच्या रचनाकारांपुढे प्रश्न असतो तो या कागदाचाच.

अमेरिकेत २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील काही तरुणांनी स्नॅपचॅट रचले. ते उघडताच समोर माणसांची यादी येत नसे, कॅमेरा येई. आणि धाडलेले चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फार तर दहा सेकंद राहून नाहीसे होई. कागद फाडण्याचे काम त्यांनी यंत्राकडे सोपविले होते.

आमच्या दिल्लीतही असा एक प्रयत्न झाला. डिसेंबर २०१२ मध्ये कविन भारती मित्तल यांनी ‘हाइक’ नावाचे ॲप सुरू केले. भारतीय तरुणाची बोलण्याची रीत त्याच्या रचनाकारांनी नीट न्याहाळली होती. मातृभाषेत विनोद करावा, पण तिची अक्षरे फोनवर उमटविताना नाकी नऊ यावेत, ही आपली अडचण! त्यावर त्यांनी ‘स्टिकर’ काढले. रुसवा, आळस, परीक्षेची धास्ती, सणाचा उत्साह, सारे आपापल्या भाषेतील बोलक्या चित्रांनी सांगावे. इंटरनेट महाग होते, म्हणून २०१५ मध्ये जवळजवळच्या दोन फोनांना इंटरनेटवाचून चित्रे देताघेता येतील अशी सोय केली. पुढच्या वर्षी चेहऱ्यावर गमतीचे मुखवटे चढविणारा कॅमेरा आला आणि ठरावीक वेळाने विरून जाणारी छायाचित्रेही आली. २०१६ च्या आरंभी नोंदलेल्या सभासदांची संख्या १० कोटींवर गेल्याचे कंपनीने सांगितले. आणि तरीही जानेवारी २०२१ मध्ये हा मेसेंजर बंद झाला.

असे का व्हावे? ग्रामोफोनची तबकडी एकट्याने ऐकता येते. पंगत एकट्याने मांडता येत नाही. घरची आजी, कचेरीतील साहेब आणि कोपऱ्यावरचा दूधवाला सारेच व्हॉट्सॲपवर बसलेले. दुसरे पान कितीही सुरेख वाढले, तरी तेथे उठून कोण जाणार? जागतिक जाळ्याचे हे बळ मोडणे कठीण आहे, असे निदान खुद्द मित्तल यांनीच त्या वेळी केले. मला यातून निघणारा बोध निराळा वाटतो. थट्टा कोट्यवधींची नसतेच. ती चारपाच जणांची असते. जो रचनाकार अशा पाच जणांना एकदम आत येता येईल, अशी वाट काढील आणि पाचांवर समाधान मानील, त्याचे ॲप लहान राहील. पण त्या पाचांपुरते तरी ते जिवंत राहील.

मात्र एक धोका ध्यानात ठेविला पाहिजे. शाळेतला कागद फाटला म्हणजे फाटला. फोनवर नाहीसे होणारे चित्र पाहणारा क्षणात टिपून ठेवू शकतो. स्नॅपचॅट त्याची वर्दी धाडणाऱ्याला देते खरे. पण दुसऱ्या फोनने त्या पडद्याचेच छायाचित्र घेतले तर यंत्राला काय कळणार? पाच जणांतील हसणे पन्नास जणांत गेले की त्याचा अपमान होतो. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई या कलमान्वये एखाद्याच्या खाजगी अंगाचे चित्र त्याच्या संमतीवाचून घेणे वा पसरविणे यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु मित्राच्या झोपलेल्या, रडवेल्या वा वेड्यावाकड्या चेहऱ्याचे रक्षण हे कलम करीत नाही. ते रचनाकाराने करावयाचे. चित्र पुढे धाडण्याची कळ मुळी ठेवूच नये; ज्याचा चेहरा आहे त्याला ते पुसून टाकण्याचा अधिकार द्यावा; आणि किती जण हसले याची मोजदाद करू नये. कारण हसणाऱ्यांची संख्या मोजली जाऊ लागली, की मित्र मागे राहतो आणि त्याचा तमाशा होतो.

इतके केले तरी उरलेला भाग कोणत्याच यंत्राच्या हाती नाही. हसून झाल्यावर कागद फाडावयाचा असतो, हे ज्या मित्राला न सांगता कळते, तोच या खेळातला खरा गडी.