हौशी खेळाडू आणि चार रुपयांचा गोलंदाज



आम्ही पगार, पाळी आणि बोनस यांवर बोलणारी माणसे. क्रिकेटवर बोलायला उभे राहिलो याचे आपणांस नवल वाटेल. पण विषय मजुरीचाच आहे.

डॉक्टर मेहेल्लाशा पावरी १८६६ साली नवसारीला जन्मले. १८८८ साली पारशी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा या एकविशीतल्या गोलंदाजाने १७० गडी बाद केले, तेही गड्यामागे बारापेक्षा कमी धावा देऊन. १८९० च्या जानेवारीत व्हर्ननच्या इंग्रज संघाला मुंबईत हरवणाऱ्या पारशी संघातही ते होते. १८९५ साली ते मिडलसेक्सकडून एक सामना खेळले. खेळ आणि डॉक्टरकी, दोन्हींत नाव. आम्हांला त्यांचा मनापासून आदर आहे.

पण ते ‘हौशी’ होते. इंग्रजांच्या हिशेबी पैसे न घेता खेळे तो हौशी, म्हणजे सभ्य गृहस्थ; पैसे घेई तो धंदेवाईक. आता गंमत पाहा. डॉक्टर ग्रेस हे हौशांचे शिरोमणी. १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांना १५०० पौंड मिळाले, धंदेवाईक खेळाडूंना सुमारे १७०! तरी सभ्य कोण, तर ग्रेस. हा भेद इंग्लंडने १९६२ अखेर मोडला.

हौसेला वेळ लागतो, वेळेला पैसा. आमच्याकडे ते कोणाजवळ नव्हते, हे पालवणकर बाळूंकडे पाहून कळते. १८७६ साली जन्मलेला चर्मकार समाजाचा हा मुलगा पुण्याच्या पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान राखी. पुढे युरोपियनांच्या जिमखान्यात चार रुपये झाले. खेळपट्टी लोळवायची, जाळे लावायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. बॅट हाती द्यायची मात्र नाही. ग्रेग नावाचा साहेब बाद झाला की आठ आणे देई, असे सांगतात. म्हणजे नगावर मजुरीच की!

हिंदूंनी संघात घेतले तेव्हा मैदानात चेंडू एकच, चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळूंनी ११४ गडी घेतले. हिंदूंचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळाले.