निद्राळु दिवस आणि पडते ठोकळे

आषाढांतला रविवार. सकाळपासून पावसानें संततधार धरलेली. जेवण उरकलें, वामकुक्षीसाठीं अंथरुणावर अंग टाकलें. पण झोंप लागत नाहीं आणि उठवतही नाहीं. अशा वेळीं पूर्वींच्या घरांत सारीपाट निघे, पत्ते निघत. आतां हात आपोआप मोबाइलकडे जातो, आणि 'एकच डाव' म्हणून आरंभिलेला खेळ दिवेलागणीपर्यंत चालतो. मग घरांतील वडीलधारी माणसें विचारतात, "अरे, दिवस गेला कोठें?" प्रश्न साधा आहे; त्याचें उत्तर मात्र खेळाच्या घडणींत शोधावें लागतें.

टेट्रिस हें त्याचें उत्तम उदाहरण. मॉस्को येथील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक-केंद्रांत काम करणारे अलेक्सेइ पाजितनोव्ह यांनीं तो 1984 सालीं रचला. पांच पांच चौकोनांचे तुकडे एकमेकांत बसविण्याचें एक कोडें त्यांच्या परिचयाचें होतें. त्यांनीं पांचांचे चार चौकोन केले. त्यामुळें सातच आकार उरले. त्यांच्या 'इलेक्ट्रॉनिका 60' ह्या यंत्राला चित्रें काढतां येत नव्हतीं, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनीं दाखवावे लागले. वरून एकेक आकार खालीं येतो, तो फिरवून योग्य जागीं बसवावयाचा. आडवी रांग पूर्ण भरली कीं ती नाहींशी होते. नियम एवढाच. 1989 सालीं निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' ह्या हातांत मावणाऱ्या यंत्राबरोबर तो जगभर पोंचला, आणि पुढच्या दशकांत सेलवर चालणारा 'ब्रिक गेम' होऊन मुंबई-पुण्याच्या घरांतूनही आला.

सारीपाटाला शेवट आहे. सोंगट्या घरांत गेल्या कीं डाव संपतो. कोणी हंसतो, कोणी रुसतो, आणि पट गुंडाळून ठेवतां येतो. टेट्रिसच्या मूळ खेळांत जिंकणें असें नाहींच. हरणें तेवढें लांबवावयाचें. पुरी झालेली रांग दृष्टीआड होते आणि चुकलेली समोर राहते. त्यामुळें मनाला नेहमीं कांहीं तरी दुरुस्त करावयाचें उरतें. 2023 च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यांतील 13 वर्षांच्या एका मुलानें 1989 सालच्या आवृत्तींत सुमारें 38 मिनिटें खेळून अशी मजल गांठली, कीं शेवटीं खेळच जागच्या जागीं अडून बसला. मनुष्य तेथवर पोंचल्याची ती पहिलीच नोंद. तेथेंही शेवट असा आला नाहीं. यंत्र तेवढें थांबलें.

झोंपेशींही ह्या खेळाचें विशेष नातें आहे. हार्वर्ड येथील रॉबर्ट स्टिकगोल्ड व त्यांचे सहकारी यांनीं 2000 सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेट्रिस खेळलेल्या अनेकांना डोळा लागतां लागतां पडते ठोकळे दिसूं लागले. कांहीं स्मृतिभ्रष्ट रोग्यांना तर आपण खेळल्याचेंही आठवत नव्हतें. तरी ठोकळे त्यांनाही दिसले! ज्याला लोक विसांवा समजतात, त्याचें काम मन झोंपेच्या उंबरठ्यावरही चालूच ठेवतें.

म्हणून सगळा दोष खेळाच्या माथीं मारणें मात्र न्याय्य नव्हे. एमिली होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2017 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, मोटार-अपघातानंतर थोड्याच तासांत ऑक्सफर्डच्या रुग्णालयांत टेट्रिस खेळविलेल्या रुग्णांना पुढल्या आठवड्यांत अपघाताच्या नकोशा आठवणी इतरांपेक्षां कमी वेळां आल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून अमलांत आलेल्या रोग-वर्गीकरणांत खेळाच्या विकाराला स्थान आहे खरें. पण एखादा आळसावलेला रविवार ही त्याची खूण नव्हे. खेळावर ताबा न राहणें, इतर कामांपेक्षां तो वरचढ होणें, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणें, आणि हें सामान्यतः निदान वर्षभर घडणें, अशीं त्याचीं लक्षणें आहेत.

तेव्हां आळसाला एक दिवस दिला म्हणून कोणी अपराधी होत नाहीं. पण दुसऱ्या खोलींत आजी जागीच असते. सारीपाटाला गडी कमी पडला कीं तिला हांक मारावी लागे; ह्या खेळाला दुसरें कोणीच लागत नाहीं. दिवस हरवतो तो येथें. जो खेळ आपण होऊन संपत नाहीं, तो संपवावयाला माणूस पाहिजे. आणि असें माणूस घरांतच असतें. नातवानें उठून आजीच्या शेजारीं बसावें, यंत्र तिच्या हातीं द्यावें आणि लांबट ठोकळा कोठें बसवावयाचा तें सांगावें. ती चुकेल, दोघेंही हंसतील, आणि तेवढ्यांत स्वयंपाकघरांतून चहाचा वास येईल. रांगा भरल्या नाहींत तरी दुपार भरून निघेल.